साथीची बातमी आली? सहल रद्द करण्याआधी हे वाचा

सुट्टीसाठी कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड, हाँगकाँग, सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज किंवा आपलं खोपोलीचं इमॅजिका ठरलंय. पैसे भरून झालेत. आणि तिथे साथ पसरल्याची बातमी येते. घाबरून एजंटला फोन जातो आणि ‘सगळं रद्द करा’ असं सांगून टाकलं जातं. सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. पार्क, विमान कंपनी किंवा सरकारने रद्द केलं तर पैसे परत मागण्याची तुमची बाजू भक्कम असते. तुम्ही स्वतः रद्द केलं तर बुकिंगच्या वेळी मान्य केलेल्या अटी लागतात. त्यामुळे आधी तपासा, मग रद्द करा.

पार्क बंद आहे की चालू?

दोन उदाहरणं पुरेशी आहेत. डिसेंबर २०१४मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली. ८ फेब्रुवारी २०१५पर्यंत अमेरिकेत तिच्याशी संबंधित १२५ रुग्ण नोंदले गेले. कॅलिफोर्नियातल्या ११० रुग्णांपैकी ४९ जणांनी लस घेतलेली नव्हती. त्यांत १२ बाळं लसीच्या वयाचीही झाली नव्हती. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी लस न घेतलेल्यांना आणि एक वर्षाखालच्या बाळांना तूर्त पार्कपासून दूर राहायला सांगितलं. पार्क मात्र सुरूच होतं. पार्क सुरू असेल तर निव्वळ भीती हे पैसे परत मागण्याचं कारण ठरत नाही.

२०२०मध्ये कोविडच्या साथीत उलट घडलं. शांघायचं डिस्नेलँड २५ जानेवारीला बंद झालं आणि ११ मे रोजी उघडलं. कॅलिफोर्नियाचं १४ मार्च २०२०ला बंद झालं ते थेट ३० एप्रिल २०२१ला उघडलं. हाँगकाँगचं १८ जून २०२०ला उघडलं आणि जुलैच्या मध्यावर पुन्हा बंद झालं. म्हणून पार्क बंद झाल्यावर ‘पुढच्या महिन्याची तारीख घ्या’ असं कुणी सांगितलं तर लगेच होकार देऊ नका. नवी तारीख स्वीकारलीत की परताव्याचा आग्रह धरणं अवघड होतं. आधी परतावा लेखी मागा.

पार्कचं तिकीट

डिस्नेची तिकिटं सहसा परत घेतली जात नाहीत. मात्र पूर्ण न वापरलेल्या तिकिटाची तारीख फरकाची रक्कम भरून बहुधा बदलता येते. ही सोय तिकिटाची मुदत संपायच्या आत वापरा. तिकीट दुसऱ्या संकेतस्थळावरून किंवा एजंटकडून घेतलं असेल तर पार्क तुम्हाला त्याच विक्रेत्याकडे पाठवेल. त्यामुळे चार पैसे स्वस्त पडतं म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून घेतलेलं तिकीट साथीच्या काळात महाग पडतं. देशातल्या पार्कच्या तिकिटावर जीएसटी असतो. परतावा मिळाला तर तो करासह आलाय का, हे बिलाशी ताडून पाहा.

विमान

विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर तुम्हाला दोन पर्याय असतात: दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे. अमेरिकेला जाणारं-येणारं विमान कंपनीने रद्द केलं आणि तुम्ही पर्याय नाकारलात, तर तिथल्या नियमानुसार क्रेडिट कार्डवर ७ कामकाजाच्या दिवसांत परतावा यायला हवा.

तुम्ही स्वतः रद्द केलंत तर भाड्याच्या प्रकारानुसार कपात होते. पण ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलंय म्हणून सगळेच पैसे गेले असं समजू नका. भारतीय कंपन्यांना कर आणि विमानतळ शुल्काचा भाग परत द्यावाच लागतो, अगदी तुम्ही विमानतळावर पोचला नसाल तरी. बुकिंग संकेतस्थळाचं ‘कन्व्हिनियन्स’ शुल्क मात्र सहसा परत मिळत नाही.

रोख परताव्याऐवजी क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी वापरायची जमा रक्कम) देऊ केला तर २०२० आठवा. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने लॉकडाउनमध्ये रद्द झालेल्या विमान तिकिटांच्या क्रेडिट शेलचं मूल्य ३० जून २०२०पर्यंत दरमहा ०.५ टक्के आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१पर्यंत दरमहा ०.७५ टक्के वाढवायला सांगितलं. तो आदेश त्या काळापुरताच होता. तुमच्या क्रेडिट शेलवर वाढीव रक्कम आपोआप मिळणार नाही. क्रेडिट शेल किंवा क्रेडिट नोट म्हणजे तुम्ही कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज, आणि कंपनी बुडाली तर तेही बुडतं.

हॉटेल

‘मोफत रद्द’ची मुदत बहुतेक वेळा हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजली जाते. जपान आणि हाँगकाँग आपल्या पुढे आहेत, म्हणजे तिथली मुदत आपल्याआधी संपते. परदेशी चलनात पैसे भरले असतील तर परतावा तो जमा होईल त्या दिवसाच्या विनिमय दराने येतो. कार्डाने लावलेलं परकीय चलन शुल्क आणि त्यावरचा जीएसटी बहुधा परत येत नाही. थोडं महाग पडलं तरी रद्द करता येणारी खोली घ्या, किंवा ‘तिथे गेल्यावर पैसे द्या’ हा पर्याय निवडा.

व्हिसा

इथले पैसे परत मिळत नाहीत. अमेरिकेच्या पर्यटन व्हिसाचं अर्ज शुल्क १८५ डॉलर आहे. चौघांच्या कुटुंबाचे ७४० डॉलर जातात, सहल होवो अगर न होवो. दिलासा एवढाच की व्हिसा मिळाला असेल तर त्याच्या मुदतीत नंतर जाता येतं. साथीची बातमी असताना व्हिसा अजून काढला नसेल तर आठवडाभर थांबा.

टूर कंपनी

बुकिंगच्या अर्जामागची अटींची पानं बाजूला ठेवू नका. त्यात तीन गोष्टी शोधा. रद्द केल्यास किती दिवस आधी किती टक्के कापणार? ‘नैसर्गिक आपत्ती, साथ, सरकारी आदेश’ असा मजकूर आहे का, आणि अशा वेळी पैसे परत देणार की क्रेडिट नोट? क्रेडिट नोटची मुदत किती, आणि ती दुसऱ्याच्या नावावर करता येते का?

‘आम्ही पुढे हॉटेलला, विमानाला पैसे भरलेत’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर एकच म्हणा: भरल्याच्या पावत्या आणि त्यांनी नाकारलेला परतावा लेखी दाखवा. जिथे कंपनीला वरून पैसे परत आले आहेत, तिथे ते तुमचे आहेत.

परदेशी पॅकेजवर घेतलेला टीसीएस (कंपनीने बुकिंगच्या वेळीच गोळा केलेला प्राप्तिकर) हा वेगळा हिशोब आहे. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, २६एएस पत्रकात दिसतो आणि प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. रद्द सहलीच्या हिशोबात ही ओळ अनेकदा गाळली जाते. कंपनीकडून टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या.

प्रवास विमा

विमा सहलीचे पहिले पैसे भरताच घ्या. साथीची बातमी पसरल्यानंतर घेतलेल्या विम्यात ‘आधीच माहीत असलेली घटना’ म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. पॉलिसीत साथीचे रोग, विलगीकरणाचा खर्च आणि सहल रद्द होणं, या तिन्ही गोष्टी मुद्दाम शोधा. तुम्हाला किंवा सोबतच्या जवळच्या माणसाला आजार झाला आणि डॉक्टरांनी प्रवास नको असं लिहून दिलं, तर दावा बसण्याची शक्यता असते. ‘जावंसं वाटत नाही’ याला विमा नाही.

दाव्यासाठी ठेवा: डॉक्टरांचं प्रमाणपत्र, तपासणी अहवाल, मूळ बिलं, रद्द झाल्याचं पत्र, पैसे भरल्याचा बँकेचा उतारा. आयआरसीटीसीच्या तिकिटासोबतचा स्वस्त विमा अपघातापुरता असतो. साथीसाठी त्याचा उपयोग नाही.

लस: सर्वांत कमी खर्च

गोवर परदेशातच होतो असं नाही. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, शिवाय भिवंडी आणि मालेगावातही त्याचे उद्रेक झाले. रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. बंदिस्त रांगा असलेल्या पार्कमध्ये हे ध्यानात ठेवायला हवं.

सरकारी केंद्रात मुलांना गोवर-रुबेलाचे दोन डोस मोफत मिळतात: ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांच्या वयात. डोस राहिलेले असतील, किंवा मोठ्यांच्या डोसांची नोंद सापडत नसेल, तर निघण्यापूर्वी सहा आठवडे डॉक्टरांना भेटा, कारण दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. बाळ ६ महिन्यांचं झालं असेल पण ९ महिन्यांचं झालं नसेल तर प्रवासापूर्वीच्या जादा डोसबद्दल विचारा; तो नेहमीच्या डोसांत धरला जात नाही. गरोदर बाईला ही लस देत नाहीत.

लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये आणि एक छापील प्रत सोबत असू द्या. पार्कच्या दारात ती कुणी मागणार नाही. पण रुग्णाशी संपर्क आला आणि लसीचा पुरावा नसला, तर तिथला आरोग्य विभाग २१ दिवसांपर्यंत वेगळं राहायला सांगू शकतो. तीन आठवड्यांचं हॉटेल, बदललेली विमानं आणि बुडालेला पगार हा खर्च कुठल्याही पॅकेजच्या जाहिरातीत नसतो. नेहमीच्या गोळ्याही काही दिवस पुरतील एवढ्या जास्त न्या: ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी शांघाय डिस्नेलँडची दारं अचानक बंद झाली आणि कोविड चाचणी निगेटिव्ह आल्याशिवाय आतल्या लोकांना बाहेर सोडलं नाही.

परतल्यावर २१ दिवसांत ताप आणि पुरळ आलं तर दवाखान्यात जाऊन बसू नका. आधी फोन करा, म्हणजे इतरांना लागण होणार नाही.

तुमचाच टूर व्यवसाय असेल तर

कोविडमुळे डिस्नेसारख्या कंपनीनेही सप्टेंबर २०२०मध्ये २८ हजार कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. लहान व्यावसायिकाकडे तर तेवढाही दम नसतो. ग्राहकांची आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातून कार्यालयाचं भाडं देऊ नका. हॉटेलशी करार करताना साथीचं कलम लेखी घाला. बीजक दिलं नसेल तर परताव्यासोबत रिफंड व्हाउचर आणि दिलं असेल तर जीएसटीची क्रेडिट नोट काढा. तिची मुदत आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. सरकारी मदत उशिरा येते: कोविडग्रस्त पर्यटन क्षेत्रासाठी टूर कंपन्यांना १० लाख आणि परवानाधारक गाइडना १ लाख रुपयांपर्यंत सरकारी हमीच्या कर्जाची घोषणा जून २०२१मध्ये झाली, म्हणजे व्यवसाय बंद पडून सव्वा वर्ष उलटल्यावर.

पैसे अडले तर

आधी कंपनीला ई-मेल करा आणि १५ दिवसांची मुदत द्या. फोनवरचं आश्वासन पुरावा नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. विमानाची तक्रार एअरसेवा पोर्टलवर. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. त्याची मुदत मर्यादित असते, म्हणून उशीर करू नका. विमा कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा दावा नाकारला तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, शुल्क नाही. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते.

आजच बुकिंगचे सगळे ई-मेल, पावत्या आणि अटी एका फोल्डरमध्ये घाला, आणि समोरच्याने रद्द केल्याचं लेखी हाती येईपर्यंत ‘रद्द करा’ हे शब्द स्वतःहून लिहू नका. अपवाद दोनच: मोफत रद्दची मुदत संपत आली असेल तर, आणि सोबत लस न झालेलं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर. दुसऱ्या अपवादात किती पैसे कापले जातात ते बघू नका, सहल सोडा.