गोंगाट घटवणारे हेडफोन : घेणाऱ्याने काय पाहावे, विकणाऱ्याने काय सांगावे?

भिवंडी असो, मालेगाव असो की मिरज, मोबाइलच्या दुकानात आज बिनतारी हेडफोन टांगलेले दिसतात. त्यांतील गोंगाट घटवणाऱ्या उंची नगांची किंमत साधारण २५ हजारांपासून ६० हजारांपर्यंत जाते. एवढ्या पैशात कारागिराच्या घरी एक चांगले शिलाई यंत्र येते. तेव्हा केवळ नाव पाहून माल घेणे जसे बरोबर नाही, तसेच खोक्यावरची जाहिरात वाचून दाखवून तो विकणेही बरोबर नाही. हे यंत्र काय करते, काय करू शकत नाही आणि दोन नगांची तुलना कशी करावी, हे आम्ही या पाठात क्रमाने पाहणार आहोत.

गोंगाट कमी होतो कसा?

आवाज म्हणजे हवेतील लाट. एका लाटेवर तिच्या नेमकी उलट लाट सोडली तर दोन्ही एकमेकींना मारतात. या तत्त्वावर पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे १९७८ साली झ्युरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीने अमर बोस यांना हेडफोनवर नीट ऐकू येईना. बोस हे अमेरिकेतील एमआयटी संस्थेत प्राध्यापक होते, त्यांचे वडील मूळचे बंगालचे. त्यांनी विमानातच याचे गणित मांडायला घेतले. १९८९ साली त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला आणि २००० साली सामान्य ग्राहकांसाठीचा.

हेडफोनच्या वाटीत बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप उलट लाट तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. १०० हर्ट्‌झच्या आवाजाची लाट सुमारे ३.४ मीटर लांब असते, तर १,००० हर्ट्‌झची फक्त ३४ सेंटीमीटर. लांब, संथ लाटेला गाठणे सोपे, आखूड लाटेला कठीण. म्हणून पंखा, एसटीचे इंजिन, विमान यांची एकसारखी घरघर चांगली कमी होते. हातोड्याचा ठोका, भोंगा, शेजाऱ्याचे बोलणे मात्र पूर्ण जात नाही. असे उंच व अचानक येणारे आवाज अडवण्याचे काम मुख्यतः वाटीभोवतीची गादी करते. ‘काहीच ऐकू येणार नाही’ असे सांगून माल विकणे म्हणूनच खरे नव्हे.

आराम आणि आवाज हा एकच प्रश्न

गादी कानाभोवती चारही बाजूंनी बसली पाहिजे. तिथे फट राहिली की बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतला खर्जाचा आवाज बाहेर निसटतो. चष्म्याची काडी, टोपीची कड, डोक्यावरच्या ओढणीची घडी गादीखाली आली की ही फट पडते. आपल्या ग्राहकांपैकी अनेकजण टोपी घालतात, भगिनी ओढणी वा स्कार्फ घेतात. त्यांना बोडक्या डोक्यावर तपासलेला नग घरी गेल्यावर वेगळा वाटेल. फट पडू नये म्हणून पट्टी जास्त आवळणारा नग शांतता चांगली देतो, पण तासाभरात कानशिले दुखवतो. चांगला नग तो, जो कमी दाबातही घट्ट बसतो.

वजनही पाहावे. सोनीचा २०२२ साली आलेला डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा आहे. बोसचा २०२३ चा क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा जवळपास तेवढाच. सेनहायझरचा २०२२ चा मोमेंटम ४ हा २९३ ग्रॅमचा. ॲपलचा २०२० साली आलेला एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा, कारण त्याच्या वाट्या ॲल्युमिनियमच्या आणि चौकट पोलादी. ॲपलने डोक्यावरच्या पट्टीला जाळीचे कापड लावून भार पसरवला आहे, तरी लांब प्रवासात शंभर-सव्वाशे ग्रॅमचा फरक मानेला कळतो.

चार नगांची तुलना

सोनी : गोंगाट घटवण्यात वरच्या रांगेत. बॅटरी सुमारे ३० तास. मूळ आवाज खर्जाकडे झुकलेला, पण फोनवरील ॲपमधून तो बदलता येतो. हा नग दुमडून लहान होत नाही, त्यामुळे पिशवीत जागा घेतो.

बोस : कानावर मऊ, पट्टीचा दाब बेताचा, दुमडतो. गोंगाट घटवण्यात सोनीच्या तोडीचा. या २०२३ च्या नगाची बॅटरी सुमारे २४ तास.

सेनहायझर : आवाजाचा बारकावा हा याचा गुण. बॅटरी तब्बल ६० तास. गोंगाट घटवण्यात वरच्या दोघांच्या थोडा मागे.

ॲपल : आवाज समतोल, बांधणी भक्कम. बॅटरी २० तास. याचे खास गुण ॲपलच्याच फोनबरोबर पूर्ण मिळतात. भारतात तो आला तेव्हा किंमत ५९,९०० रुपये होती. अँड्रॉइड फोनवाल्या ग्राहकाला तो देणे म्हणजे त्याचे पैसे अर्धे वाया घालवणे.

दुकानात तपासणी कशी करावी?

१) ग्राहकाचाच फोन आणि त्याच्या ओळखीचे ध्वनिमुद्रण घ्यावे. माणसाचा आवाज सर्वांत चांगली कसोटी. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे कानाला टोचत असतील तर वरचे सूर जास्त आहेत. बोलणारा मडक्यात बोलल्यासारखा वाटला तर खर्ज जास्त आहे.

२) दोन्ही नगांचा आवाज सारख्या पातळीवर ठेवावा. जो नग जरा मोठ्याने वाजतो तो कानाला चांगला वाटतो. अनेक ग्राहक इथेच फसतात.

३) काहीही न वाजवता गोंगाट घटवणारे बटण चालू-बंद करून पाहावे. काहींना यावेळी कानात दाब आल्यासारखे वाटते. असे वाटणाऱ्याने घाई करू नये.

४) चष्मा, टोपी, ओढणीसह किमान २० मिनिटे नग डोक्यावर ठेवावा. पाच मिनिटांत सगळेच नग आरामदायी असतात.

५) रस्त्याकडेला उभे राहून फोन लावावा आणि आपले बोलणे कसे पोचते ते पलीकडच्याला विचारावे. व्यापाऱ्यासाठी ही कसोटी सर्वांत कामाची.

कारखान्यात चालेल काय?

हा प्रश्न यंत्रमागावरचे आणि पत्राकाम करणारे बांधव विचारतात. उत्तर स्पष्ट आहे : नाही. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जाणे नवलाचे नाही. तिथे कान वाचवण्यासाठी किती डेसिबल आवाज अडतो ते तपासून छापलेले कर्णरक्षकच हवेत. साधे कर्णरक्षक काही शे रुपयांत मिळतात. ३० हजारांचा हेडफोन त्यांची जागा घेऊ शकत नाही, उलट कान सुरक्षित असल्याचा भ्रम मात्र देतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला केवळ ५. या हेडफोनचा खरा फायदा येथे आहे. बसमध्ये साध्या हेडफोनवर आवाज वाढवावा लागतो, गोंगाट घटला की कमी आवाजात भागते. ग्राहकाला हे समजावून सांगावे.

व्यापाऱ्यांसाठी

या मालाच्या हुबेहूब नकला बाजारात फार आहेत. बिनतारी हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. नगावर वा खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा व तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासावा. आखातातून आलेल्या नगाची हमी इथे चालेलच असे नाही, हे विकण्यापूर्वी सांगावे. आपल्याकडच्या घामाने कृत्रिम कातड्याची गादी काही वर्षांत सोलते. म्हणून बदली गादी मिळते काय आणि केवढ्याला, हे माल भरतानाच विचारून ठेवावे.

थोडक्यात, सतत प्रवास करणाऱ्या किंवा दिवसभर फोनवर व्यवहार करणाऱ्या माणसाला हा खर्च परवडू शकतो. आराम हवा त्याने बोस, आवाज आणि बॅटरी हवी त्याने सेनहायझर, दोन्हींचा मध्य हवा त्याने सोनी आधी तपासावा. ज्याला घरी बसून तासभर ऐकायचे आहे, त्याला साध्या तारेच्या हेडफोनकडे वळवावे. त्या दिवशी नफा कमी होईल, पण तो ग्राहक दुसऱ्यांदा आपल्याच दुकानात येईल.