हापिसात धोतर नेसून जाशील तेव्हा

काल फोनवर तू विचारलंस, "आबा, दर शुक्रवारी हापिसात धोतर नेसून गेलो तर चालेल का?" मी नुसतं 'चालेल' म्हणालो, कारण पुढं बोलवलं नाही. माझ्यामागं आपल्या घरात रोज धोतर कोणी नेसलंच नाही. तुझ्या बापानं लग्नात नेसलं, तेही गुरुजींनी उभं करून नेसवलं. म्हणून आज सावकाश लिहितो. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये मी ३१ वर्षं वह्या लिहिल्या, त्या सगळ्या धोतरात लिहिल्या. त्यात हाताला जे कळलं ते सांगतो.

आधी साहेबाला विचारून घे. शुक्रवार उजाडल्यावर नाही, दोन-चार दिवस आधी. २०२० च्या डिसेंबरात राज्य शासनानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल परिपत्रक काढलं होतं. पुरुषांनी शर्ट-पँट घालावी, जीन्स आणि टी-शर्ट नको, स्लिपर नको, आणि शुक्रवारी खादी घालावी, असं त्यात होतं. म्हणजे खादी हवी, पण धोतराचं नाव नाही. तुझं हापीस खासगी आहे, तरी असा एखादा कागद तिथंही असेलच, तो वाच. विचारताना हक्काची भाषा नको. "शुक्रवारी स्वच्छ धोतर, सदरा आणि जाकीट घालून आलो तर चालेल का?" एवढंच विचार. साहेबाच्या डोळ्यांपुढं आधी पूर्ण पोशाख उभा राहू दे. तमिळनाडूत २०१४ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून चेन्नईतल्या क्लबात आत सोडलं नाही, आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारनं अशी आडकाठी करायला बंदी घालणारा कायदा केला. माझ्या मनाला ती गोष्ट फार लागली होती. आपल्याच देशात आपलं वस्त्र दाराशी अडावं, याचं मला अजून दुःख आहे. पण तुझ्या हापिसात तुला भांडायचं नाही, काम करायचं आहे.

आता कापड. दुकानात धोतरजोडी माग. दोन पानं सलग येतात, ती कापून वेगळी करायची. तुझ्या उंचीला एक पान साडेचार मीटरचं पाहिजे. आखूड घेतलंस तर निऱ्या पडत नाहीत आणि चालताना पोटरी उघडी पडते. दुकानाच्या दारात उजेडाकडं धरून पाहा. पलीकडचा हात दिसला तर ते पान ठेवून दे. हापिसात खिडकीला पाठ करून उभं राहावं लागतं, आणि वऱ्हाडातलं ऊन काही लपू देत नाही. काठ बारीक घे, काळा नाहीतर निळा. उमरेडची रेशीमकाठी धोतरं एकेकाळी साऱ्या मुलखात नावाजलेली होती. तुझ्या पणजोबांचं तसं एक पान आपल्या ट्रंकेत अजून आहे. ते लग्नकार्याला. रोजचं वेगळं आणि सणाचं वेगळं, हे ज्याला कळलं त्याचं धोतर कुठंही खटकत नाही.

न शिवता नेसायचं वस्त्र फक्त आपल्याकडंच नाही. आपल्या पापळचे भाऊसाहेब, पंजाबराव देशमुख, १९२० च्या सुमारास एडिंबरोला शिकायला गेले. त्या स्कॉटलंडात पुरुष किल्ट नेसतात. लोकरीचं चौकटीचं कापड, मोठ्या किल्टला सात-साडेसात मीटर लागतं. निऱ्या सगळ्या मागं, पुढं सपाट, आणि काठ गुडघ्यावर. १७४६ मध्ये इंग्रज सरकारनं बंडानंतर त्या डोंगराळ मुलखाचा पोशाखच कायद्यानं बंद केला, तो १७८२ पर्यंत बंद होता. तरी त्यांनी तो टाकला नाही. पण त्यांचीही रीत बघ. किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढं कमरेला चामड्याची पिशवी लोंबते. दिवसाची पिशवी साध्या चामड्याची. केसाळ, चांदीच्या पट्टीची असते ती संध्याकाळच्या समारंभाची. ती कोणी दिवसा कामावर लावून गेला तर त्याच्याच गावचे लोक त्याला चुकला म्हणतात. बसतानाही ते मागच्या निऱ्या हातानं सारख्या करून मग टेकतात. मी हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. सोगा सावरून बसायला मलाही माझ्या बापानं असंच शिकवलं होतं.

नेसण्याकडं येतो, कारण सगळं तिथंच आहे. नवं पान लगेच नेसू नको. रात्रभर पाण्यात भिजव, दोन-तीनदा धू. गिरणीची खळ गेल्याशिवाय गाठ धरत नाही, निसटते. नंतर घरी साबुदाण्याची खळ घालशील तेव्हा ती खालच्या अर्ध्या भागालाच घाल. कमरेचा भाग मऊ राहू दे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी अख्खं धोतर कडक करून गेलो. मालकापुढं वही घेऊन उभा राहिलो आणि गाठ सैल होताना मला पोटावर कळत होतं. एका हातात वही, दुसरा हात पोटावर, आणि मालक रुईच्या गाठींचा आकडा विचारत होते. आकडा मला पाठ होता, तरी तोंडातून निघेना. त्या दिवसापासून खळ अर्धीच.

कापड पाठीमागून घे, दोन्ही पदर पुढं आण, श्वास सोडून पोट आत घे आणि बेंबीवर गाठ मार. श्वास भरून मारलेली गाठ जेवणाआधीच ढिली पडते. मग एका बाजूच्या निऱ्या करून पायांमधून मागं घे आणि काष्टा खोच. चार बोटं आत जाईल एवढा खोल खोच. दुसऱ्या बाजूच्या निऱ्या पुढं, नाभीशी. काठ सगळीकडं घोट्याच्या हाडाला टेकला पाहिजे. शेतात गुडघ्यापर्यंत नेसतात ते वेगळं, चिखलात ते बरोबरच आहे, हापिसात घोटाच. माझा बाप म्हणायचा, "गाठ अशी मार का सांजलोक तिची याद येऊ नये." नेसून झालं की पाच उठाबशा काढ, जिना चढून उतर, वाकून खालची वस्तू उचल. एवढं करून हात आपोआप कमरेकडं गेला नाही, तर निघ. गेला, तर सोडून पुन्हा नेस. घाईत दुरुस्त केलेली गाठ दुपारी दगा देते.

वरून बारीक पट्टा बांधलास तरी हरकत नाही, सदऱ्याखाली कुणाला दिसत नाही. शिवलेलं तयार धोतर मिळतं, त्याला मी नाव ठेवत नाही. पण तुला नेसता यावं असं मला मनापासून वाटतं.

आत मांडीपर्यंतची अर्धी चड्डी घाल, आणि ती पांढरी नको. पांढऱ्या धोतराखाली पांढरी चड्डी जास्त दिसते. फिकट राखाडी किंवा अंगाच्या रंगाची दिसत नाही. वर सदरा पूर्ण बाहीचा, मांडीच्या मध्यापर्यंत, बाजूला दोन खिसे असलेला. गाठ त्याखाली झाकली गेली पाहिजे. शर्ट घालून धोतरात खोचू नको, आणि टी-शर्ट तर नकोच. पायाशी एक माणूस आणि खांद्याशी दुसरा असं दिसतं. जुने वकील आणि मास्तर धोतरावर बंद गळ्याचा कोट घालत. त्या जागी तुला जाकीट आहे. त्याला आतून खिसा शिवून घे, मोबाईल तिथं. आम्ही पैसे कनवटीला लावायचो, पण कनवटीला मोबाईल लावलास तर त्याच्या वजनानं गाठ ओढली जाते. उपरणं घरी ठेव. ते टेबलाच्या खणात अडकतं आणि कामाच्या जागी मिरवल्यासारखं वाटतं. पायात मागं पट्टा असलेली चामड्याची वहाण, पॉलिश केलेली.

खुर्चीचं सांगतो, कारण आमच्या वेळी ती चाकांची नव्हती. बसताना सोगा उचलून मांडीवर घे. उठताना आधी खाली बघ, चाकाखाली काठ नाही ना, आणि मगच उठ. मोटारसायकलवर काष्टा घट्ट बसतो, पण पुढच्या निऱ्या वाऱ्यानं उडतात. त्या उचलून कमरेला खोच आणि चेनला पूर्ण झाकण आहे का ते बघ. हापिसाच्या आवारात उतरलास की निऱ्या सोड, हातानं दाबून सारख्या कर, मग आत जा.

एका ठिकाणी मात्र धोतर नेसून कधीही जाऊ नको. जिथं पट्टा किंवा चाक फिरतं तिथं. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, असं सांगितलेलं होतं, आणि ते अक्षर न् अक्षर खरं आहे. जिनिंगमध्ये माझ्या खुंटीला कायम एक खाकी पँट टांगलेली असायची. जिनघरात डोकवायचं असलं तरी मी धोतर सोडून ती चढवायचो. कंटाळा आला म्हणून एकदाही तसा गेलो नाही. तुलाही साइटवर किंवा गोदामात जायचं असेल त्या शुक्रवारी पँटच घाल. धोतराचा मान जपण्यासाठी जीव धोक्यात घालायचा नसतो, बेटा.

उन्हाळ्यात मात्र धोतराला तोड नाही. पारा ४५ च्या पुढं गेला की पँटवाले टेबलाशी बसून घामानं चिकटतात. तुझ्या पायांना वारा लागत राहील. डोक्याला दुपट्टा बांधून जातोसच, तो आत शिरताना सोड. पावसाळ्यात जरा जपावं लागतं. आपल्या काळ्या मातीचा चिखल काठाला बसला तर तिथंच ओल्या हातानं चोळू नको, डाग आत शिरतो. वाळू दे, झटक, मग गार पाण्यात बुडव. टेबलाच्या खणात इस्त्रीचं दुसरं पान ठेव. चहा सांडतो, शाई लागते. वरठ्याकडं देशील तर नीळ कमी घालायला सांग. फाटलं तर रफू करून नेस, त्यात कमीपणा नाही. गाडगेबाबांच्या अंगावर आयुष्यभर चिंध्या होत्या आणि हातात खराटा होता. ठिगळ चालेल, मळ चालणार नाही.

पहिल्या शुक्रवारी कोणीतरी विचारेलच, "आज घरी पूजा आहे का?" चिडू नको. "नाही, मला आवडतं म्हणून नेसलो," म्हण आणि कामाला लाग. फोटो काढायचा म्हणाले तर एकदा काढू दे, पुढच्या वेळी जेवणाच्या सुट्टीत म्हण. त्या दिवशी हापिसात पाच मिनिटं आधी पोच आणि एकही काम मागं ठेवू नको. तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी कोणी बघणारही नाही. मला तो दिवस यायला हवा आहे.

बारीक निळ्या काठाची एक कोरी जोडी मी तुझ्यासाठी आणून ठेवली होती. ती कापून दोन्ही पानं काल रात्री बादलीत भिजत घातली. रविवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतर, मी घ्यायला येतो. एक पान मी नेसून दाखवीन, दुसरं तू नेस. दुपारपर्यंत तुला दहा वेळा सोडायला आणि नेसायला लावणार आहे, तेव्हा परतीची गाडी संध्याकाळची बघ.