पुसलेल्या चित्रफितीचा शोध

कागदावर पेन्सिलीने लिहिलेला मजकूर रबराने खोडला, तरी कागद उजेडात तिरपा धरला असता अक्षरांचे ठसे पुष्कळदा ओळखू येतात. स्मार्टफोनमधील एखादी चित्रफीत, म्हणजे नित्याच्या भाषेतील व्हिडिओ, चुकून पुसली गेली तर तिचाही असा काही ठसा मागे उरतो काय? उरत असल्यास त्यावरून ती चित्रफीत पुन्हा मिळविता येते काय? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. घरातील विवाहसमारंभ, हयात नसलेल्या वडीलधाऱ्या माणसांचा आवाज, शाळेतील प्रयोगाची नोंद, संशोधकाने गावोगाव फिरून टिपलेली लोकगीते, असा मोलाचा संग्रह आज पुष्कळदा एका फोनमध्येच साठविलेला असतो. बोटाचा एक चुकीचा स्पर्श त्याच्या नाशास पुरेसा होतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. चित्रफीत कोणत्या प्रकारच्या साठवणीतून पुसली गेली, ती कितपत पुसली गेली आणि त्यानंतर फोनचा किती वापर झाला, ह्या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते.

१. पुसणे म्हणजे काय?

एखाद्या मोठ्या ग्रंथालयाची कल्पना करावी. तेथे प्रत्येक पुस्तकाचे एक सूचिपत्र असते आणि पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते त्यावर लिहिलेले असते. आता कोणी फक्त ते सूचिपत्र काढून फाडले आणि ‘ही फळी रिकामी आहे’ अशी नोंद केली, तर पुस्तक नष्ट होत नाही. ते सापडेनासे होते एवढेच. मात्र त्या फळीवर नवे पुस्तक ठेवण्यासाठी जुने बाहेर टाकले गेले, म्हणजे ते कायमचे गेले.

फोनमध्येही साधारण असेच घडते. उत्तम प्रतीच्या एका मिनिटाच्या चित्रफितीस सुमारे ६० ते १३० मेगाबाइट जागा लागते. ही माहिती हजारो लहान तुकड्यांत साठविली जाते आणि कोणता तुकडा कोठे आहे ह्याची सूची फाइल-व्यवस्था ठेवते. चित्रफीत पुसण्याची आज्ञा मिळताच प्रथम ही सूची बदलते. मूळ माहिती तेथल्या तेथे खोडीत बसण्यास वेळ व शक्ती खर्च होईल, म्हणून ते काम पुढे ढकलले जाते. पुनःप्राप्तीची सारी आशा ह्या विलंबावर आधारलेली आहे.

२. फोनच्या साठवणीची रचना

फोनमध्ये व मेमरी कार्डात ‘फ्लॅश’ प्रकारची साठवण असते. तिच्यात विद्युत्‌रोधक थरांनी वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडले जातात. कप्प्यात किती इलेक्ट्रॉन आहेत ह्यावरून त्यातील अंक ओळखला जातो. वीज बंद झाली तरी इलेक्ट्रॉन तेथेच राहतात, म्हणून बंद फोनमधील चित्रे नाहीशी होत नाहीत. ह्या कल्पनेचे मूळ डॉन कांग व सायमन झी ह्यांनी बेल प्रयोगशाळेत १९६७ साली केलेल्या कार्यात आहे. पुढे जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका ह्यांनी १९८४ साली फ्लॅश साठवण जगापुढे मांडली. तिच्यातील माहितीचा मोठा भाग कॅमेऱ्याच्या लखलखाटाप्रमाणे एका क्षणात पुसला जातो, ह्यावरून एका सहकाऱ्याने तिला हे नाव सुचविले.

ह्या साठवणीचा एक स्वभावधर्म ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लिहिण्याचे काम पानापानाने होते. एक पान साधारणतः ४ ते १६ किलोबाइटचे असते. पुसण्याचे काम मात्र शेकडो पानांच्या संपूर्ण गठ्ठ्यावर एकदमच करावे लागते. शिवाय लिहिलेल्या पानावर तसेच पुन्हा लिहिता येत नाही आणि प्रत्येक गठ्ठा ठराविक वेळाच पुसता येतो. त्यानंतर तो झिजतो. म्हणून साठवणीतील एक नियंत्रक माहिती सतत इकडून तिकडे हलवीत असतो आणि निरुपयोगी पानांचे गठ्ठे फुरसतीने पुसून तयार ठेवतो.

३. फोनच्या आतील साठवण

पूर्वीच्या फोनमध्ये नियंत्रकास कोणती पाने निरुपयोगी झाली हे कळत नसे. त्यामुळे पुसलेली माहिती बराच काळ टिकून राही. अँड्रॉइड प्रणालीच्या २०१३ सालच्या ४.३ ह्या आवृत्तीपासून फोन ही वार्ता नियंत्रकास वेळोवेळी देऊ लागला. त्यामुळे फोन जलद चालू लागला. पण पुसलेली माहितीही लवकर नाहीशी होऊ लागली. ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचे तर, सूचिपत्र फाटताच फळी मोकळी करणारा सेवक नेमला गेला.

ह्याहून मोठा बदल कूटलेखनाचा, म्हणजेच एन्क्रिप्शनचा होय. आयफोनमध्ये २००९ सालापासून साठवणीतील माहिती यंत्रातच कूटरूपात लिहिली जाऊ लागली. अँड्रॉइडमध्ये २०१६ सालच्या ७.० आवृत्तीपासून फाइलवार कूटलेखनाची सोय झाली आणि २०१९ सालच्या १० व्या आवृत्तीसह बाजारात येणाऱ्या नव्या फोनना कूटलेखन सक्तीचे झाले. ह्या पद्धतीत प्रत्येक फाइलची किल्ली वेगळी असते. फाइलची नोंद गेली की तिच्या किल्लीकडे जाणारा मार्गही जातो. मग काही पाने शिल्लक राहिली, तरी ती अर्थहीन अंकांची रास ठरतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फोन चोरीस गेला किंवा जुना म्हणून विकला, तर परक्या माणसाने त्यातील खासगी चित्रे उकरून काढू नयेत, ह्यासाठी ही योजना आहे. जे कुलूप चोरास अडविते तेच चुकलेल्या मालकासही अडविते. सुरक्षितता हवी, पण चूक मात्र केव्हाही दुरुस्त व्हावी, ह्या दोन्ही गोष्टी एका वेळी पूर्णपणे मिळत नाहीत.

४. मेमरी कार्ड

बाहेरून बसविलेल्या मेमरी कार्डाची गोष्ट निराळी आहे. त्यावरील माहिती बहुधा कूटरूपात नसते. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांवर सामान्यतः जी फाइल-व्यवस्था वापरतात, तिच्यात फाइल पुसताना नावाचे पहिले अक्षर एका ठराविक चिन्हाने बदलले जाते आणि तुकड्यांच्या जागा मोकळ्या म्हणून नोंदल्या जातात. फाइलचा आरंभ कोठे होता हे पुष्कळदा तसेच राहते. तुकडे सलग असतील तर संपूर्ण चित्रफीत परत मिळू शकते. मात्र कार्ड फोनच्या आतील साठवणीचाच भाग म्हणून जोडलेले असल्यास तेही कूटरूपात असते आणि हा मार्ग बंद होतो.

सूची पूर्णपणे नष्ट झाली असेल तर माहितीच्या खुणांवरून फाइल ओळखण्याची एक रीत आहे. फोटोरेक हा विनामूल्य प्रोग्राम ह्याच रीतीने काम करतो. परंतु चित्रफितीच्या बाबतीत एक अडचण येते. कोणते चित्र कोठे सुरू होते हे सांगणारी तिची स्वतःची अंतर्गत अनुक्रमणिका पुष्कळदा चित्रण संपल्यावर, फाइलच्या शेवटी लिहिली जाते. तुकडे विखुरलेले असतील किंवा ती अनुक्रमणिका सापडली नाही, तर माहिती हाती येऊनही चित्रफीत चालत नाही. म्हणून छायाचित्रे परत मिळतात, पण लांब चित्रफिती मिळत नाहीत, असा अनुभव नेहमी येतो.

५. चूक झाल्यावर काय करावे?

(१) नवे चित्रण ताबडतोब थांबवावे आणि नवे ॲप उतरवून घेऊ नये. ते ॲपच मोकळ्या जागेवर लिहिले जाण्याचा संभव असतो.

(२) गॅलरीतील ‘ट्रॅश’, ‘बिन’ किंवा ‘नुकतेच हटविलेले’ हा कप्पा पाहावा. आयफोनमध्ये चित्रफीत तेथे साधारण ३० दिवस राहते. गूगल फोटोजमध्ये प्रत साठविलेली चित्रफीत ६० दिवस, व प्रत नसलेली ३० दिवस ठेवली जाते. अशी चित्रफीत खऱ्या अर्थाने पुसलेलीच नसते. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत यशस्वी उपाय होय.

(३) अन्यत्र प्रत आहे काय ते पाहावे. व्हॉट्सॲपवरून कोणास पाठविली असल्यास त्या व्यक्तीकडे ती असू शकेल, जरी तिची प्रत थोडी उतरलेली असली तरी. संगणक, ई-मेल व जुना फोन हेही तपासावेत.

(४) चित्रफीत मेमरी कार्डावर असल्यास फोन बंद करून कार्ड काढावे, कार्ड-रीडरने संगणकास जोडावे आणि पुनःप्राप्तीचा प्रोग्राम चालवावा. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर ठेवाव्यात.

(५) फोन केबलने संगणकास जोडल्यास सहसा फक्त अस्तित्वात असलेल्या फाइलींची यादी दिसते. मोकळी पाने दिसत नाहीत. त्यांपर्यंत पोहोचण्यासाठी फोनची मूळ बंधने तोडू जावे, तर बहुतेक फोनमध्ये त्या क्रियेनेच सर्व माहिती पुसली जाते.

ह्यावरून, कोणत्याही फोनमधील कोणतीही चित्रफीत हमखास परत मिळवून देण्याच्या जाहिराती कितपत विश्वासार्ह आहेत हे वाचकाने ठरवावे. अशी काही ॲपे केवळ लहान आकाराची, पूर्वीच तयार होऊन राहिलेली चित्रे दाखवितात व पुढील कामासाठी पैसे मागतात. अनोळखी ॲपला सर्व फाइली वाचण्याची परवानगी देणे हा वेगळाच धोका आहे.

६. खरा उपाय

मोलाच्या चित्रफितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी, हा नियम जगभर मानला जातो. मात्र एक सावधगिरी बाळगावी. फोन व इंटरनेटवरील साठवण एकमेकांशी जुळवून ठेवलेली असल्यास एका ठिकाणी पुसलेली चित्रफीत दुसरीकडेही पुसली जाते. अशी जुळणी म्हणजे स्वतंत्र प्रत नव्हे.

प्रयोग

महत्त्वाचे काहीही नसलेले एक जुने, लहान क्षमतेचे मेमरी कार्ड घ्यावे. त्यावर पाच लहान चित्रफिती टिपून दोन पुसाव्यात आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली संगणकाद्वारे त्या परत मिळविण्याचा प्रयत्न करावा. नंतर कार्ड नव्या चित्रणाने पूर्ण भरून तोच प्रयत्न पुन्हा करावा. दोन्ही वेळचे निष्कर्ष वहीत शेजारी शेजारी लिहावेत.

प्रश्न

(१) सूचिपत्र फाडणे आणि पुस्तक नष्ट करणे ह्यांतील फरक फोनच्या संदर्भात स्पष्ट करा.
(२) फ्लॅश साठवणीत लिहिणे व पुसणे ह्यांच्या रीती कशा भिन्न आहेत?
(३) कूटलेखनामुळे कोणता लाभ होतो आणि त्याची कोणती किंमत द्यावी लागते?
(४) आपल्या घरातील कोणत्या चित्रफितीची दुसरी प्रत अस्तित्वात नाही, ह्याची यादी करा व त्यांतील एकीची प्रत आजच तयार करा.