वायफाय गेलं तर डबीने स्वतःच उठावं

गंगाखेडच्या घरी आई-दादा दोघंच असतात, मी नोकरीला पुण्यात. अंगण आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी लांबून दिसावं म्हणून मी तिथे रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू बसवला. तळहातावर मावणारा हा संगणक; आई त्याला डबी म्हणते. वीज जाऊन आली की डबीचा दिवा लागायचा, वायफाय मात्र कधी कधी जोडलंच जायचं नाही. मग फोनवर, "आई, त्या डबीची वायर काढून परत लाव गं." आषाढात दोघं पंढरपूरला गेले, घराला कुलूप लागलं आणि नेमकी तेव्हाच डबी मुकी झाली. वायर काढणार कोण?

कारण साधं आहे. वीज आल्यावर पाय लवकर उठतो, फायबरची पेटी आणि राउटर मागून. राउटर अर्धवट सुरू असताना पासवर्डची देवाणघेवाण मध्येच तुटली, तर पायमधला नेटवर्कमॅनेजर पासवर्डच चुकला असं धरतो आणि नवा मिळेपर्यंत गप्प बसतो. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२३च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून वायफायचा कारभार याच नेटवर्कमॅनेजरकडे आहे. आधीच्या डीएचसीपीसीडीच्या काळातले जुने तोडगे म्हणून आता चालत नाहीत.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे गुगलला पिंग करा, उत्तर नाही आलं की रीबूट. तो मीही लावला होता. पुढे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. घरातलं वायफाय ठणठणीत होतं, फक्त बाहेरचं इंटरनेट बंद. पाय मात्र रात्रभर रीबूट होत राहिला आणि सकाळपर्यंत मेमरी कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडली. साठवलेले फोटो गेले ते गेलेच.

म्हणून पिंग करायचा तो घरातल्या राउटरला, अनेक घरी त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. वायफाय आहे की नाही एवढंच त्यातून कळतं, आणि आपल्याला तेवढंच हवं. रूटच्या क्रॉनटॅबमधून दर दोन मिनिटांनी ही तपासणी चालवा. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही तर आधी नेटवर्कमॅनेजरच्या एनएमसीएलआय या आज्ञेने तेच कनेक्शन पुन्हा जोडायला सांगा. तरीही नाही जमलं तर वायफायचा रेडिओ बंद करून चालू करा. रीबूट अगदी शेवटी, आणि तोही मशीन सुरू होऊन तास उलटला असेल तरच. ही तासाची अट फार मोलाची आहे. राउटर दोन दिवस बंद राहिला तरी तासाला एकापेक्षा जास्त रीबूट होत नाही. चुकलेल्या पिंगांची मोजणी रन फोल्डरमध्ये ठेवा. ते रॅममध्ये असतं, कार्ड झिजत नाही.

कनेक्शनच्या दोन सेटिंगही बदलाव्या लागतात, आणि त्यांचे आकडे माणसाला फसवतात. ऑटोकनेक्ट-रीट्राइज ० केलं म्हणजे प्रयत्न बंद होत नाहीत, कायम चालू राहतात. उलट पॉवरसेव्ह बंद करायचं तर तिथे २ लिहायचं. ० लिहिलं तर मूळचीच सेटिंग राहते. पॉवरसेव्हमुळे राउटर लांब असताना डबी उत्तरं द्यायला रेंगाळते, म्हणून ते बंदच बरं. झिरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं, तेव्हा राउटरवर तो पट्टा चालू आहे ना हेही बघून घ्या.

हार्डवेअर वॉचडॉगवर मात्र याबाबतीत विसंबू नका. तो मशीन गोठलं तर उठवतो. मशीन नीट चालू आणि वायफाय तेवढं गेलेलं, हे त्याला कळत नाही. राउटर आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरवर घेता आली तर निम्मं दुखणं तिथेच संपतं.

एवढं झालं की गावाहून निघण्याआधी राउटर अर्धा तास बंद ठेवा, मग चालू करा आणि डबीला हात न लावता थांबा. नंतर घराचा मेन स्विच पाडून पुन्हा तेच करा. दोन्ही वेळा ती आपली आपण जोडली गेली, तरच पुण्याची गाडी धरा.