सायलेन्सरची हौस आणि मागच्या आसनावरील मूल

लहान मोटारीचा सायलेन्सर बदलून तिला रुबाबदार आवाज देण्याची हौस कोहिनूरसारख्या गावापर्यंत पोहोचावी, यात नवल नाही. ७९६ घनसेंटिमीटरच्या मारुती ८०० ची शक्ती त्याने फारशी वाढत नाही; वाढतो तो गोंगाट. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि सैल सांध्यातून गाडीत शिरू शकतो. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बालकांचा श्वसनवेगही जास्त. प्रवासानंतर डोकेदुखी, उलटी, गुंगी दिसली की आपण ‘गाडी लागली’ म्हणून मोकळे होतो! भावंडांना एकदमच त्रास झाला असल्यास गाडीची चौकशी अवश्य करावी. साधा पल्स ऑक्सिमीटर येथे फसवा दिलासा देतो. रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन तपासावे. अहवालासाठी न थांबता शुद्ध प्राणवायू द्यावा; त्याने या विषाचा अर्धायुकाल ४-५ तासांवरून साधारण दीड तासावर येतो.