बैठकीची खोली : 'मिड-सेंच्युरी' शैलीचा एक अभ्यास

आमच्या कऱ्हाडच्या घरी बाहेरच्या खोलीत एक सागवानी खुर्ची होती. वेताची बैठक, वेताचीच पाठ आणि दोन्ही बाजूंना रुंद हात. 'होती' असे लिहिताना आजही मला अवघडल्यासारखे होते, कारण ती मीच घराबाहेर काढली. 2019 च्या दिवाळीआधी मी खोली नव्या पद्धतीने सजवावयास घेतली, तेव्हा ही खुर्ची आणि तिच्या जोडीचे बाकडे मी जुने सामान घेणाऱ्याला आठशे रुपयांना देऊन टाकले. त्या जागी बारीक, तिरप्या पायांचा, बुटका, राखी रंगाचा सोफा आणला. दुकानदाराने त्याचे वर्णन 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' असे केले होते. नाव ऐकून मी खूश झाले. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला कोणत्याही गोष्टीला शतक चिकटले की ती आपली वाटू लागते.

दिवाळीत आलेल्या प्रत्येकाने खोलीचे कौतुक केले. मात्र अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या खोलीत बसेनासे झाले. कोणी आले की ते उभ्यानेच बोलत. पेपर वाचावयास स्वयंपाकघरातल्या लोखंडी खुर्चीवर जात. मला वाटले, म्हातारपणी बदल रुचत नाही, होईल सवय. दोन महिन्यांनी मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अगं, त्यात बसलो की उठता येत नाही. आलेल्या माणसांसमोर कोणी हात धरून उठवावं, ते बरं दिसत नाही."

चाळीस वर्षे शाळेत शिकवलेला माणूस स्वतःच्या घराच्या बैठकीतून हद्दपार झाला होता, आणि ते मला कळावयास दोन महिने लागले. पुढच्या पावसाळ्यात त्या सोफ्याच्या तळाच्या फळ्या फुगल्या आणि एक पाय निखळला, हे त्या मानाने किरकोळ. त्यानंतर मी जो अभ्यास केला, तो आधी करावयास हवा होता. आपल्यापैकी अनेकजण उद्या आपापली घरे लावतील. म्हणून तो येथे मांडते.

प्रथम नावाविषयी. 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' हे नाव त्या काळातील कारागिरांनी आपल्या कामाला दिलेले नाही. कॅरा ग्रीनबर्ग या अमेरिकन लेखिकेने 1984 साली 1950 च्या दशकातील फर्निचरवर पुस्तक लिहिले, त्याचे हे नाव. तेथून ते रूढ झाले. ज्यांनी त्या वस्तू केल्या, त्यांच्यापुढे 'शैली' हा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो घरांचा. दुसरे महायुद्ध 1945 मध्ये संपले. अमेरिकेत लाखो सैनिक परतत होते, नवे संसार उभे राहात होते. घरे लहान होती, नोकरचाकर नव्हते, आणि युद्धकाळात विकसित झालेले प्लायवुड, काचतंतूंचे प्लॅस्टिक, पोलादी सळ्या हे साहित्य कारखान्यांपाशी तयार होते. जड, कोरीव, हलवता न येणारे सामान या घरांत बसणारे नव्हते. हलके, पुसावयास सोपे आणि पुष्कळांना परवडेल असे काही हवे होते. त्या फर्निचरचे साधे रूप या गरजेतून आले आहे.

जॉन एन्टेन्झा हे लॉस एंजलिस येथून 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' नावाचे मासिक चालवीत. त्यांनी जानेवारी 1945 मध्ये नमुना-घरांची एक योजना जाहीर केली. नामवंत वास्तुकारांनी नव्या साहित्यातून साधी घरे बांधून दाखवावीत, असा हेतू होता. त्यातील आठव्या क्रमांकाचे घर चार्ल्स आणि रे ईम्स या पतिपत्नींनी स्वतःसाठी पॅसिफिक पॅलिसेड्स येथे 1949 साली बांधले. कारखान्याच्या यादीतून निवडलेले पोलादी खांब, तुळया आणि खिडक्या यांचे ते घर. आधीचा आराखडा समोरचे गवताळ मैदान खाणारा होता. म्हणून त्यांनी तो बदलला आणि घर मागे टेकडीला टेकवून बसवले. पुढे निलगिरीची झाडे आहेत, त्यांच्या सावल्या दिवसभर काचांवर हलतात.

या घराच्या बैठकीच्या खोलीची छायाचित्रे मी प्रथम पाहिली, तेव्हा मला धक्का बसला. माझी समजूत अशी, की ही शैली म्हणजे रिकामी खोली, एक खुर्ची, एक दिवा. येथे तर सतरंज्या, उशा, टोपल्या, शंख, दगड, मेणबत्त्या, लोकखेळणी, कुंड्या, छताला टांगलेले एक वाळलेले रानझुडूपसुद्धा! 2011 मध्ये लॉस एंजलिस काउंटी कलासंग्रहालयातील प्रदर्शनासाठी या एका खोलीतील वस्तू हलवल्या, त्या अठराशेच्या वर भरल्या. तरीही खोली कोंदट वाटत नाही. कारण छत दोन मजल्यांइतके उंच आहे, उजेड मोकळा आहे, आणि मोठ्या वस्तू मोजक्या आहेत. लहान वस्तू कितीही असल्या तरी त्या गटागटाने, जागा ठरवून ठेवलेल्या आहेत. त्या घरातील वस्तू घरात राहणाऱ्यांनी हौसेने जमवल्या होत्या. माझ्या नव्या खोलीतील शोभेच्या वस्तू एकाच दिवशी एकाच दुकानातून आल्या होत्या. जानेवारी 2025 मध्ये त्या भागात भयंकर वणवा पेटला. ईम्स यांचे घर धुराने काळवंडले, परंतु वाचले.

आता माझ्या फुगलेल्या फळ्यांकडे येते. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. रेषांच्या लांबीत फारसे वाढत नाही. प्लायवुडमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून प्रत्येक पापुद्रा शेजारच्याला आवरून धरतो. ईम्स दांपत्याने उष्णता आणि दाब देऊन प्लायवुडला बाक देण्याचे तंत्र प्रथम जखमी नौसैनिकांच्या पायांना आधार देणाऱ्या पट्ट्यांसाठी वापरले. 1942 पासून अमेरिकन नौदलासाठी अशा पट्ट्या मोठ्या संख्येने तयार झाल्या. युद्धानंतर त्याच अनुभवातून त्यांची प्लायवुडची बुटकी खुर्ची आली. माणसाच्या अंगाला लाकूड कसे बसते, हे ते आधी दुखऱ्या पायावर शिकले होते. माझ्या सोफ्यात मात्र प्लायवुड नव्हतेच. तो भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचा होता, वर लाकडासारखा कागद. अशा फळीत एकमेकांना आवरणारे पापुद्रे नसतात. कडेने पाणी शिरले की ती फुगते आणि स्क्रू सोडते. तिरपा पाय तर सांध्यावर अधिकच जोर देतो. तेव्हा खरेदीपूर्वी वस्तू उलटी करून पाहावी. पाय कशात बसवला आहे, हे खालूनच दिसते.

दुसरा धडा डेन्मार्कचा. कॉरे क्लिंट यांनी 1924 पासून कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचरचे शिक्षण उभे केले. त्यांची पद्धत मोजण्याची. माणसाचे शरीर मोजावयाचे, आणि कपाट करावयाचे तर त्यात राहणारे कपडे, ताटवाट्याही मोजावयाच्या. त्यांचे शिष्य बोर्गे मोगेन्सेन यांनी 1947 साली डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संघासाठी एक साधी खुर्ची केली. लाकडी सांगाडा आणि कागदी दोरीने विणलेली बैठक. सामान्य कुटुंबाला परवडावी, हा तिचा उद्देश होता. सहकार म्हटले की साखर आणि दूध आठवणाऱ्या आपल्या भागात, सहकारातून उत्तम खुर्चीही निघू शकते हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

तिसरा धडा आपल्या देशातला. चंदीगड शहर उभे राहात असताना, 1950 च्या दशकात, तेथील कचेऱ्यांसाठी पिएर जान्नरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेत यांच्या खुर्च्या करवून घेतल्या. साहित्य इथले, विणणारे हात इथले. पुढे त्या जुन्या झाल्या म्हणून गच्च्यांवर आणि आवारांत ढीग घालून टाकल्या गेल्या, भंगाराच्या भावाने गेल्या. नंतर त्याच खुर्च्या परदेशांतील लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. हे वाचताना मला आठशे रुपये आठवले. आमची खुर्ची काही चंदीगडची नव्हती. अण्णांच्या वडिलांनी गावच्या सुताराकडून करवून घेतलेली होती. पण सागवान तेच, वेत तोच आणि टाकणाऱ्याची घाईही तीच.

ईम्स पतिपत्नी 1958 साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आली, देशभर हिंडली आणि त्यांनी एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 मध्ये स्थापन झाली, ती त्याच्या आधारे. या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त वाखाणलेली वस्तू म्हणजे आपला तांब्या. तो किती पाणी धरतो, भरलेला असताना कमरेवर किंवा डोक्यावर कसा तोलतो, हाताला कसा लागतो, घासावयास सोपा आहे का, फुटका झाला तर धातूची किंमत येते का, असे प्रश्न विचारीत गेल्यावरच त्याच्या आकाराचा अर्थ लागतो, असे त्यांचे म्हणणे. हेच प्रश्न मी सोफ्याला विचारले असते, तर तो दुकानातच राहिला असता.

एवढे शिकून 2021 मध्ये मी खोली पुन्हा लावली. आमच्या आळीतल्या सुतारकाकांना बोलावले. मी छायाचित्रे दाखवू लागले, तर ते म्हणाले, "ताई, चित्र मागनं बघू. आधी मास्तरांना बसवा." त्यांनी अण्णांना टेबलाच्या कडेवर ताठ बसवले आणि जमिनीपासून गुडघ्यामागपर्यंतचे अंतर घेतले. साडेसतरा इंच. काढून टाकलेल्या सोफ्याची बैठक, वर माणूस बसल्यावर, तेरा इंचांवर येत होती. सारा प्रश्न या साडेचार इंचांचा होता. कोपनहेगनच्या अकादमीतली पद्धत आमच्या सुतारकाकांच्या टेपात होतीच. मी ती कधी विचारली नव्हती.

पाडलेल्या एका घराच्या जुन्या सागवानी चौकटी मिळाल्या. त्यांवर रंधा मारल्यावर आतून मधाच्या रंगाचे लाकूड निघाले. त्यातून एक हातांची खुर्ची आणि एक लांब बाक झाला. बैठक वेताची, पाय किंचित निमुळते, तळाला जमिनीपासून आठ इंच मोकळे, म्हणजे खाली केरसुणी सहज फिरते आणि लहान खोलीतली फरशी भिंतीपर्यंत दिसत राहते. या शैलीत खोली मोठी भासते, त्याचे एक कारण हेच. हात पुढच्या पायापर्यंत पूर्ण आणले, म्हणजे उठताना तळहाताने जोर देता येतो.

ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी काही मापे देते. आमची खोली दहा बाय चौदा फुटांची आहे. चहाचे टेबल बैठकीपेक्षा इंच-दोन इंच बुटके ठेवले आणि बाकापासून दीड फुटावर. त्याहून जवळ गुडघे आपटतात, लांब तर कपाला हात पोचत नाही. दारापासून आतपर्यंत तीन फुटांची वाट मोकळी राखली. सर्व सामान भिंतींना चिकटवले नाही. खुर्ची कोपऱ्यात तिरपी, बाकाकडे तोंड करून ठेवली, म्हणजे बोलणाऱ्यांची तोंडे समोरासमोर येतात. 1972 सालच्या मोझॅकच्या फरशीवर मी नव्या टाइल्स घालणार होते. तो बेत सोडला. ती फरशीच त्या काळाची अस्सल खूण आहे. भिंती पांढऱ्या, एकच मागची भिंत मोहरीच्या रंगाची.

दिव्याबाबत पॉल हेनिंगसेन या डॅनिश गृहस्थांचे ऐकावे. त्यांनी 1920 च्या दशकात एकाखाली एक अशा छत्र्यांचा दिवा केला, त्यात आतला बल्ब डोळ्याला थेट दिसत नाही. आपल्याकडे एक अडचण आणखी असते, ती पंख्याची. पंख्याच्या वर दिवा असला की पात्यांच्या सावल्या खोलीभर फिरतात. म्हणून आम्ही मधला दिवा काढला. एक भिंतीवर आणि एक खुर्चीच्या डाव्या खांद्यामागे, असे दोन दिवे लावले.

शोभेसाठी फळीवर तीनच वस्तू ठेवल्या : आजीचा तांब्या, अण्णांची शाळेतली पितळी घंटा, आणि कृष्णेच्या पात्रातला एक गोटा. अठराशे वस्तू जमावयास आयुष्य जावे लागते.

जुनी खुर्ची मी पुष्कळ शोधली, मिळाली नाही. नवी खुर्ची तिची बरोबरी करते असे अण्णा म्हणत नाहीत. परवा त्यांचे एक जुने विद्यार्थी आले होते. मी चहा घेऊन बाहेर गेले, तेव्हा अण्णा खुर्चीत बसून बोलत होते. निरोप देताना ते दोन्ही हातांवर जोर देऊन, कोणाच्याही मदतीशिवाय उठले आणि पाहुण्यांना दारापर्यंत पोचवून आले.