वॉरंट निघाले आहे का? नोंद कोठे पाहावी?

“तुमच्या नावाने वॉरंट निघाले आहे!” हे शब्द कानी पडले की माणसाचे हातपाय गळतात. कोणी गाव सोडून जातो. कोणी दलालाच्या हातावर पैसे ठेवतो. पण आता आपल्याला वाचता येते. म्हणून आधी एकच विचारावे. नोंद कोठे आहे?

वॉरंट म्हणजे काय?

वॉरंट म्हणजे माणसाला पकडून आणण्याचा न्यायालयाचा लेखी हुकूम. लोक त्याला पकड वॉरंट म्हणतात. त्यावर न्यायाधीशाची सही आणि न्यायालयाचा शिक्का असतो. वॉरंट दोन तऱ्हेचे असते. जामीनपात्र वॉरंटावर जामिनाची रक्कम आणि हजर राहण्याची तारीख लिहिलेली असते. अजामीनपात्र वॉरंटात पोलीस माणसाला न्यायालयापुढे नेतात. वॉरंट जुने झाले म्हणून आपोआप मरत नाही. ते बजावले जाते, नाहीतर न्यायालय रद्द करते. तोवर ते चालू राहते.

नोंद कोठे असते?

समजा, देवपूरच्या एका हमालाची धुळ्याच्या न्यायालयात तारीख होती. आई आजारी पडली आणि तारीख चुकली. आता वॉरंट निघाले का, हे त्याने कसे पाहावे?

वॉरंट निघालेल्या सगळ्यांची यादी चावडीवर लावलेली नसते. खरी नोंद खटल्याच्या कागदात असते. प्रत्येक तारखेला काय झाले ते न्यायालयाच्या रोजनाम्यात लिहितात. वॉरंटाचा हुकूमही तेथेच येतो.

त्याने समन्सावरचा खटल्याचा नंबर घेऊन न्यायालयात जावे. सोबत वकील असावा. कारकुनाला पुढची तारीख विचारावी. हुकमाची नक्कल हवी असेल तर अर्ज करावा.

मोबाईलवरही पाहता येते. ‘ई-कोर्ट्स’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा निवडावा. खटल्याचा नंबर किंवा पक्षकाराचे नाव घालावे. खटल्याची स्थिती व पुढची तारीख दिसते. त्याला पैसे पडत नाहीत. मात्र एका नावाची पुष्कळ माणसे असतात. म्हणून नंबर ताडून पाहावा.

पोलीस ठाण्यात काय कळते?

पोलीस ठाण्यात वेगळी माहिती मिळते. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात व जिल्ह्याच्या ठिकाणी लोकांना दिसेल असे लावावे, असा कायदा आहे. घरचा माणूस अचानक नाहीसा झाला, तर तेथे चौकशी करावी. हा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तो १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

दारात पोलीस आले तर

“साहेब, वॉरंट दाखवा,” असे शांतपणे म्हणावे. मागितल्यावर ते दाखवलेच पाहिजे. नाव, सही, शिक्का वाचावा. काही गंभीर गुन्ह्यांत वॉरंटाशिवायही अटक होते. तेव्हाही अटकेचे कारण सांगावेच लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशापुढे न्यावे लागते. हा हक्क आपल्या राज्यघटनेतच आहे.

फोनवरचे खोटे वॉरंट

हल्ली ठग फोन करतात. गणवेश घालून चित्रात दिसतात. “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, पैसे पाठवा,” असे धमकावतात. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या नंबरावर कळवावे.

वॉरंट खरे निघाले तर

पळू नये. पळाल्याने गोष्ट बिघडते. वकिलामार्फत न्यायालयात हजर व्हावे. तारीख का चुकली ते सांगावे, दवाखान्याचे कागद दाखवावे आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. वकिलाला पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १५१०० या नंबरावरही मदत मिळते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

प्रश्न

१. वॉरंटावर कोणत्या दोन खुणा असतात?
२. वॉरंटाची खरी नोंद कोठे असते?
३. पोलीस ठाण्यात कोणाची नावे लावतात?
४. तुमच्या घरी समन्स असेल, तर त्यावरचा खटल्याचा नंबर वाचा व वहीत लिहा.